रोहिणीच्या देशातील पाणी : नेपाळमधील सत्तांतरे आणि शेतकऱ्यांचे पाणीवाटप

पाण्याचा प्रश्न वरवर पाहता निसर्गाचा वाटतो. पाऊस किती पडला, नदीला पूर किती आला, धरण किती भरले, याचीच चर्चा आपण अधिक करतो. परंतु नदीचे पाणी एकदा पाटात शिरले की तो माणसामाणसांतील संबंधांचा प्रश्न होतो. पहिल्या शेताला किती आणि शेवटच्या शेताला किती, रात्रीची पाळी कोणाची, गाळ कोणी काढायचा, तंटा झाला तर निवाडा कोणी द्यायचा, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांच्याच हाती गावाचे पोटपाणी असते. राज्यव्यवस्था बदलली म्हणजे हा अधिकारही आपोआप बदलतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्या शेजारी नेपाळकडे पाहणे उपयुक्त ठरेल. गेल्या सात दशकांत या देशाने राणाशाही, राजाची पंचायत व्यवस्था, बहुपक्षीय लोकशाही, सशस्त्र संघर्ष आणि अखेरीस संघीय प्रजासत्ताक, अशी स्थित्यंतरे पाहिली. या सर्व काळात तेथील शेतकऱ्यांचे पाट मात्र वाहतच राहिले.

आपल्या वाचकांना या भूमीची ओळख वेगळी करून देण्याचे कारण नाही. शाक्य आणि कोलीय यांच्या सीमेवरून वाहणारी रोहिणी नदी हीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्यावरून उद्भवलेला तंटाच सांगितला आहे. दोन्ही बाजूंची शेते एकाच नदीवर भिजत होती आणि पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारीपर्यंत वेळ आली. शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव आला, तेव्हा तरुण सिद्धार्थाने त्यास विरोध केला. त्याने मांडलेली उपसूचना लक्षात घेण्याजोगी आहे. शाक्यांनी आपल्यातून दोन माणसे निवडावीत, कोलीयांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंट्याचा निकाल लावावा. संघाने ही सूचना बहुमताने फेटाळली. पाणी वापरणाऱ्या दोन्ही बाजूंनी एकत्र बसून पाण्याचा निवाडा करावा, हा विचार मात्र त्यामुळे जुना झाला नाही.

रोहिणी आजही नेपाळच्या रूपन्देही जिल्ह्यातून वाहते. लुंबिनी याच जिल्ह्यात आहे. आणि पाणी वापरणाऱ्यांनी स्वतः पाणी वाटण्याचे एक जुने व नावाजलेले उदाहरणही याच जिल्ह्यात, तिनाऊ नदीवर पाहावयास मिळते.

पाट आधी, कायदा नंतर

नेपाळमध्ये शेताला पाणी नेणाऱ्या पाटास ‘कुलो’ म्हणतात. डोंगरउतारावरील ओढ्यांवर आणि तराईच्या सपाटीवरील नद्यांवर शेतकऱ्यांनी स्वतः खोदलेले असे हजारो पाट आहेत. पाल्पा जिल्ह्यातील अर्गलीसारखे काही पाट तर सेन राजांच्या काळापासून चालत आले आहेत. १८५४ सालच्या ‘मुलुकी ऐन’ या संहितेत पाण्याविषयी नियम आले. खालच्या जुन्या पाटाचे पाणी तुटेल असा नवा पाट वरच्या अंगाला काढू नये, हे तत्त्व तेथे मान्य झाले. म्हणजे शेतकऱ्यांची रीत आधी रुळली आणि राज्याने तिला पुढे मान्यता दिली. विसाव्या शतकाच्या अखेरीसदेखील नेपाळमधील सिंचित क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र शेतकऱ्यांनीच सांभाळलेल्या योजनांखाली होते, असे सामान्यतः मानले जाते.

या योजना केवळ सद्भावनेवर चालत नव्हत्या. त्यांच्या मुळाशी काटेकोर हिशेब होता. पाल्पा जिल्ह्यातील अर्गली आणि छेर्लुंग येथील पद्धत पाहा. तेथे पाटाच्या फाट्यावर आडवा लाकडी ओंडका बसवितात आणि त्यावर हिश्शाच्या प्रमाणात कमीअधिक रुंदीच्या खाचा पाडतात. या साधनास ‘सांचो’ म्हणतात. पाटाला पाणी वाढो अथवा घटो, प्रत्येक खाचेतून ठरल्या प्रमाणातच वाटा जातो. गावातील लहान मूलही ओंडक्याकडे पाहून कोणाचा हिस्सा किती ते सांगू शकेल, इतका हा हिशेब उघडा. छेर्लुंगमध्ये पाण्याचा हिस्सा जमिनीपासून वेगळा धरला जातो. एका घराला तो दुसऱ्याकडून विकत घेता येतो. त्यामुळे पाणी वाया न जाता नव्या शेतांपर्यंत पोहोचले.

श्रमाचा हिशेब

रूपन्देहीतील ‘छत्तीस मौजा’ या योजनेचे नावच तिची व्याप्ती सांगते. मौजा म्हणजे गाव. तिनाऊ नदीचे पाणी बुटवलजवळ वळवून छत्तीस गावांना देणारा हा कालवा थारू शेतकऱ्यांनी दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी काढला. पुढे डोंगरातून आलेल्या वसाहतकारांनी तराईत शेती वाढविली, गावांची संख्या वाढली, कालव्याखालील क्षेत्र काही हजार हेक्टरांवर गेले. शेजारच्या ‘सोऱ्ह मौजा’ म्हणजे सोळा गावांच्या योजनेलाही याच मुखाशी पाणी मिळते.

एवढ्या मोठ्या कालव्याची व्यवस्था शेतकऱ्यांनी पायरीपायरीने बांधली. प्रत्येक गावाची समिती, काही गावे मिळून विभाग, विभागांवर मुख्य समिती, आणि दोन्ही योजनांची मिळून संयुक्त समिती. रोहिणीकाठी सिद्धार्थाने सुचविलेल्या पंचांची आठवण व्हावी अशीच ही शेवटची पायरी आहे. दोन बाजूंच्या पाण्याचा तंटा दोन्ही बाजूंची माणसे एकत्र बसून मिटवितात.

गावाने दरवर्षी किती माणसे गाळ काढण्यासाठी पाठवायची, हे ‘कुलारा’ नावाच्या एककावर ठरते. भिजणाऱ्या जमिनीच्या प्रमाणात गावावर कुलारे बसतात. जितके पाणी, तितके श्रम, हे त्यामागील सूत्र. माणूस न पाठविणाऱ्या गावाला दंड होतो, हजेरी लिहिली जाते आणि हिशेब सभेपुढे येतो. ही नोंदवही म्हणजेच त्या योजनेचे खरे संविधान होय.

सिमेंटचा बंधारा आणि टेलचा शेतकरी

१९६० च्या डिसेंबरमध्ये राजे महेंद्र यांनी निवडून आलेले सरकार बरखास्त केले आणि पक्षविरहित पंचायत व्यवस्था आणली. याच काळात परदेशी कर्ज व अनुदान यांच्या बळावर तराईत मोठे शासकीय कालवे उभे राहिले. कोसी नदीवरील सुनसरी-मोरंग योजना ही त्यांपैकी सर्वांत मोठी. तिचे नियोजित क्षेत्र साठ हजार हेक्टरांहून अधिक. अभियंत्यांनी कालवा काढायचा, खात्याने तो चालवायचा आणि शेतकऱ्याने पाणी येईल तेव्हा घ्यायचे, अशी ही रचना होती. कालवे पक्के होते. तरीही टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी वेळेवर पोहोचत नाही ही तक्रार सार्वत्रिक झाली.

ही गोष्ट अनेकांना कोड्यात टाकणारी होती. एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेपाळमधील शंभराहून अधिक सिंचन योजनांचा तुलनात्मक अभ्यास केला. सामाईक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरील कार्याबद्दल ऑस्ट्रॉम यांना पुढे २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दगड, झुडपे आणि माती यांचे कच्चे बंधारे असलेल्या शेतकऱ्यांच्या योजना पुष्कळ वेळा पक्क्या शासकीय योजनांपेक्षा टेलपर्यंत पाणी अधिक चांगले पोहोचवितात, असे त्यांना आढळले.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कच्चा बंधारा पावसाळ्यात वाहून जातो. तो पुन्हा घालण्यास आणि लांबच लांब पाटातील गाळ काढण्यास हेडच्या, म्हणजे तोंडाशी असलेल्या शेतकऱ्यांचे हात पुरत नाहीत. त्यांना टेलच्या शेतकऱ्यांना बोलवावेच लागते. टेलचा शेतकरी येतो, परंतु आपल्या पाळीचे पाणी मिळेल या अटीवर. पाणी मिळाले नाही तर पुढच्या वर्षी तो कुदळ घेऊन येणार नाही, हे हेडवाल्यास ठाऊक असते. दुर्बळाजवळ सौदा करण्याचे एकच साधन असते, ते म्हणजे त्याचे श्रम. बाहेरच्या पैशातून सिमेंटचा बंधारा बांधला गेला आणि डागडुजीची गरज संपली की हेडवाल्याला टेलवाल्याची गरज उरत नाही. बंधारा पक्का झाला, पण माणसांना एकत्र बांधणारी गाठ सैल झाली.

यावरून कोणी कच्चे बंधारेच बरे, असा निष्कर्ष काढू नये. पुराच्या लोंढ्यात उभे राहून दरवर्षी बंधारा घालणे हे कष्टाचे आणि जिवावरचे काम आहे. ते वाचावे हीच इच्छा योग्य. मात्र श्रमांमुळे मिळणारे वजन नाहीसे होत असेल, तर त्याच्या जागी दुसरे वजन दिले पाहिजे. समितीत ठराविक जागा, पाळीचे लेखी वेळापत्रक, मोजून दिलेले पाणी आणि हिशेब मागण्याचा हक्क, ही ती साधने होत. योजना बांधताना या साधनांचा विचार केला नाही, तर सुधारणा हेडपाशीच थांबते.

१९९० नंतर

१९९० च्या जनआंदोलनाने पंचायत व्यवस्था संपविली आणि बहुपक्षीय लोकशाहीचे संविधान आले. पाठोपाठ १९९२ मध्ये सिंचन नीती आणि जलस्रोत ऐन आले. जलस्रोत देशाच्या मालकीचे मानले गेले, आणि पाणी वापरणाऱ्यांच्या संस्थेला नोंदणी करून कायदेशीर अस्तित्व मिळविण्याचा मार्ग खुला झाला. शासनाने बांधलेल्या काही योजना अंशतः किंवा पूर्णतः शेतकऱ्यांच्या संस्थांकडे सोपविण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. चितवनमधील खगेरी आणि पंचकन्या, तसेच नवलपरासीतील पश्चिम गंडक, या योजना त्यात होत्या.

येथे दोन प्रकारच्या संस्था एकमेकांशेजारी आल्या. पहिली छत्तीस मौजासारखी, जिची मुळे शेतात होती आणि जिला कायद्याने फक्त शिक्का दिला. दुसरी प्रकल्पाच्या आराखड्यात जन्मलेली, जिला आधी नियमावली मिळाली आणि नंतर सभासद शोधावे लागले. पहिलीला पाण्याचा हिशेब येत होता. कार्यालयाशी व्यवहार शिकायचा होता. दुसरीला कार्यालय माहीत होते. गाळ काढण्यासाठी माणसे जमविणे शिकायचे होते. जेथे हस्तांतरापूर्वी कालव्याची दुरुस्ती झाली, शेतकऱ्यांना कामावर देखरेख करता आली आणि पाणीपट्टीचा वाटा संस्थेपाशी राहिला, तेथे संस्थेला बळ मिळण्याची शक्यता होती. जेथे मोडका कालवा आणि रिकामी तिजोरी एवढेच हाती आले, तेथे ‘लोकसहभाग’ म्हणजे शासनाने झटकलेली जबाबदारी, असा अर्थ शेतकऱ्यांनी लावला तर त्यांना दोष देता येणार नाही.

सभासद कोण?

तथापि, शेतकऱ्यांच्या जुन्या संस्थांचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. या संस्थांचे सभासदत्व जमिनीशी बांधलेले होते. ज्याच्या नावावर जमीन, तो सभासद. बहुतांश जमीन पुरुषांच्या नावावर होती. शेतात राबणाऱ्या स्त्रिया समितीत क्वचितच दिसत. दुसऱ्याच्या शेतावर राबणारे भूमिहीन, आणि त्यांत फार मोठ्या संख्येने असलेले दलित, यांचे हात गाळ काढायला लागत. पण हिस्सा जमीनमालकाच्या नावे लागे. पाटाच्या काठावर लोकशाही होती, परंतु ती जमिनीच्या तुकड्यांची लोकशाही होती.

ही कोंडी फोडण्याचा एक वेगळा प्रयत्न स्यांजा जिल्ह्यातील आँधीखोला योजनेत १९८० च्या दशकात सुरू झाला. तेथे पाण्याचे हिस्से जमिनीपासून वेगळे करण्यात आले आणि कालव्याच्या कामावर श्रम करून हिस्सा कमाविण्याची संधी भूमिहीन कुटुंबांनाही मिळाली. शिवाय, कालव्याखाली येणाऱ्या ज्या शेतकऱ्यांकडे अधिक जमीन होती, त्यांनी तिचा दहावा भाग भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांसाठी विकावा, अशी अट होती. सार्वजनिक पैशातून पाणी आले की जमिनीचे मोल वाढते. त्या वाढीचा काही भाग ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना मिळावा, असा त्यामागील न्याय होता.

धोरणाच्या पातळीवर पुढचे पाऊल २००३ च्या सिंचन नीतीने टाकले. पाणी वापरणाऱ्यांच्या संस्थांत स्त्रियांचा सहभाग किमान ३३ टक्के असावा, असे तिने म्हटले. त्याच काळात आखाती देश आणि मलेशिया येथे लाखो नेपाळी पुरुष मजुरीसाठी गेले. गाळ काढण्याची पाळी आली की घरातून जाणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असे. श्रम तिचे आणि सही नवऱ्याची, ही विसंगती अधिक काळ झाकून ठेवणे अवघड होते.

संघीय प्रजासत्ताकातील नवा टप्पा

१९९६ ते २००६ या काळातील सशस्त्र संघर्षाने नेपाळचा ग्रामीण भाग होरपळून निघाला. २००२ मध्ये स्थानिक संस्थांची मुदत संपली आणि पुढील सुमारे पंधरा वर्षे गावांत निवडून आलेले शासन नव्हते. अशा पोकळीत पाट दुरुस्त करण्यासाठी भरणारी पाणी वापरणाऱ्यांची सभा हीच कित्येक ठिकाणी लोकांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची उरलेली जागा होती.

२००८ मध्ये राजेशाही संपली. २० सप्टेंबर २०१५ रोजी नवे संविधान लागू झाले आणि देशात ७ प्रदेश व ७५३ स्थानिक शासने उभी राहिली. स्थानिक सिंचन हा विषय या स्थानिक शासनांच्या अधिकारात आला. भूमिहीन दलितांना कायद्याप्रमाणे एकदा जमीन देण्याची तरतूदही संविधानात आहे. २०१७ मध्ये वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या. प्रत्येक वॉर्डातील पाच जागांपैकी दोन स्त्रियांसाठी आणि त्यांतील एक दलित स्त्रीसाठी राखीव ठेवण्यात आली होती. त्यामुळे देशभरात सहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या. पाटाचा निधी ज्या सभागृहात मंजूर होतो, तेथे प्रथमच त्या बसल्या.

यात नवे अवघडपणही आहे. नदी वॉर्डाची किंवा पालिकेची हद्द पाळत नाही. पाटाचे तोंड एका पालिकेत आणि शेवट दुसऱ्या पालिकेत असतो. निवडून आलेला अध्यक्ष आपल्या मतदारांच्या बाजूने उभा राहिला, तर टेलचे गाव पुन्हा एकाकी पडते. म्हणून पाटाची संस्था आणि गावाचे शासन ही दोन्ही हवीत. संस्थेकडे पाण्याचा हिशेब आहे, शासनाकडे प्रतिनिधित्वाची कसोटी आहे. एकाने दुसऱ्याला गिळले तर नुकसान शेवटच्या शेताचेच होते.

आपल्यापुढील प्रश्न

नेपाळचा अनुभव महाराष्ट्राला परका नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणसांवर ठेवला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबास कमाल अडीच एकरांपुरते, उसाला मनाई आणि भूमिहीनांनाही हिस्सा, ही तिची तत्त्वे होती. २००५ मध्ये राज्यात सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व असावे, हे त्याने मान्य केले. परंतु या कायद्यातही सभासदत्वाचा पाया जमीनधारणा हाच राहिला. नायगावने विचारलेला भूमिहीनांचा प्रश्न त्यामुळे आजही उभा आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला गेला. पाण्याजवळ जाण्याचा तो हक्क होता. पाण्याच्या वाटणीविषयी निर्णय घेण्याचा हक्क ही त्याच वाटेवरील पुढची पायरी आहे, आणि ती मोर्चाने जितकी चढावी लागते तितकीच नोंदवहीनेही चढावी लागते. आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेल्या अनेकांची घरे अशाच एखाद्या चारीच्या टोकाला आहेत. काहींच्या घरी जमीनच नाही. शिक्षणाचा उपयोग तेथे अगदी साध्या रीतीने करता येईल. गावच्या पाणीवापर संस्थेची वार्षिक सभा कधी भरते, हे विचारावे. पाळीचे वेळापत्रक फलकावर लावले आहे का, हे पाहावे. जमाखर्च सभेत वाचून दाखविला जावा, असा आग्रह धरावा. आईचे व पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावून त्यांना सभासद करावे. टेलचा प्रतिनिधी बैठकीला बोलावला जातो की नुसता कागदावर असतो, याची चौकशी करावी.

नेपाळमध्ये राजे गेले, पक्ष आले, संविधाने बदलली. प्रत्येक बदलाने पाटावरच्या माणसाला काही ना काही दिले: कधी नोंदणी, कधी आरक्षण, कधी निधी. परंतु शेवटच्या शेतापर्यंत पाणी तेथेच पोहोचले, जेथे शेवटच्या शेतकऱ्यावाचून पहिल्याचे काम अडत होते, किंवा नियमांनी ते अडेल अशी तजवीज केली होती. रोहिणीच्या काठी सुचविलेली ती पाच जणांची पंचायत हीच तजवीज सांगत होती. तिच्यासाठी प्रत्येक गावात माणसे तयार करणे हे शिक्षणाचेच काम आहे.